गोठणगावच्या तिबेटी कॅम्पातला एक फोटो

सारस | सोमवार, १२ जानेवारी २०२६, रात्री ९:४०

नवेगावबांधला पक्षी बघायला मी दर हिवाळ्यात जातो. या वेळी परतताना इटियाडोह धरणाकडे गाडी वळवली आणि तिथून गोठणगावच्या तिबेटी कॅम्पात गेलो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या लोकांना हा कॅम्प नवा नाही. १९७२ साली वसला, तेव्हा हा सगळा भंडारा जिल्हा होता. कागदोपत्री नाव नोर्ग्येलिंग. बाकीचा महाराष्ट्र मात्र या माणसांना 'स्वेटरवाले' म्हणूनच ओळखतो. मीही त्यातलाच. शाळेत असताना आईने त्यांच्याकडून घेतलेला मरून स्वेटर मी तीन वर्षं घातला, पण ही माणसं आपल्याकडे का आली हे कधी विचारलं नाही.

हिवाळ्यात कॅम्प निम्मा रिकामा असतो. कर्ती माणसं स्वेटर विकायला शहरांत गेलेली. मागे म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि धान कापून झालेल्या बांध्या. एका ओसरीवर एक आजी माळ ओढत बसल्या होत्या. पाणी मागितलं तर आत बोलावून आल्याचा चहाच केला. वय चौऱ्याहत्तर. बोलणं हिंदीत, मधेच झाडीपट्टीची मराठी. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण धाकटी बहीण अजून तिकडे आहे.

आतल्या खोलीत देवघर. पुढे पितळेच्या सात वाट्या, पाण्याने काठोकाठ भरलेल्या. सकाळी भरायच्या, संध्याकाळी पुसून पालथ्या घालायच्या. दोन वाट्यांमध्ये जवाच्या एका दाण्याएवढं अंतर ठेवायचं अशी त्यांची रीत आहे. "इथं जव कुठली, मी धानाचा दाणा ठेवून बघते," आजी म्हणाल्या. वाट्यांच्या मागे तीन फोटो. मधला दलाई लामांचा. उजवीकडे भरल्या चेहऱ्याचे दहावे पंचेन लामा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखालचे मोठे लामा. डावीकडे पाच-सहा वर्षांचा मुलगा, थंडीने गाल लाल झालेला, कॅमेऱ्याकडे सरळ बघणारा. मी विचारलं, "हा नातू का?"

"नाही बेटा. हाच तर हरवला."

घरी आल्यावर दोन आठवडे वाचत बसलो. जे कळलं ते लिहितो.

त्या मुलाचं नाव गेदुन चोएक्यी न्यिमा. जन्म २५ एप्रिल १९८९. १४ मे १९९५ रोजी दलाई लामांनी जाहीर केलं की दहाव्या पंचेन लामांचा पुनर्जन्म तो हाच. तीनच दिवसांनी, १७ मे रोजी चिनी अधिकाऱ्यांनी त्याला आणि त्याच्या आईवडिलांना ताब्यात घेतलं. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्यानंतर बाहेरच्या कुणाही माणसाला तो दिसलेला नाही. सगळीकडे तोच एक फोटो लागतो, कारण दुसरा नाहीच. शिगात्सेच्या ताशी ल्हुन्पो मठाचे महंत चाद्रेल रिन्पोचे शोधसमितीचे प्रमुख होते. दलाई लामांशी संधान बांधल्याबद्दल त्यांना १९९७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये ल्हासाच्या जोखांग मंदिरात, सरकारी अधिकाऱ्यांच्या देखत सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढून दुसऱ्याच एका मुलाला पंचेन लामा ठरवण्यात आलं.

मी आजवर समजत होतो की कम्युनिस्ट राजवट धर्म बंद करते. देवळं पाडते, पोथ्या जाळते, संपलं. ते तिने केलंच, त्याबद्दल खाली लिहितो. पण या मुलाच्या गोष्टीने माझी झोप उडाली ती वेगळ्या कारणाने. ज्या पक्षाच्या सभासदाला कुठलाही धर्म पाळायची मनाई आहे, तो पक्ष पुनर्जन्म कुणाचा झाला हे ठरवायला बसतो! १ सप्टेंबर २००७ पासून तिथे त्याचा रीतसर नियमच आहे. एखाद्या लामाचा पुनर्जन्म शोधायचा तर मठाने अर्ज करायचा. लामा जेवढा मोठा तेवढी मंजुरी वरची. फार मोठा असेल तर थेट बीजिंगची. परदेशातल्या कुठल्याही व्यक्तीचा वा संस्थेचा यात हात चालणार नाही. परवानगी नसेल तर तो पुनर्जन्म धरायचाच नाही. २०१६ च्या जानेवारीत सरकारने ८७० 'खऱ्या' अवतारी लामांची यादी इंटरनेटवर टाकली.

म्हणजे धर्म मोडून भागलं नाही, तेव्हा त्याची किल्ली हातात घेतली. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त खोल जाते असं मला वाटतं. पाडलेला मठ माणसं पुन्हा बांधतात. पण गुरूच सरकारने नेमला, तर पुढच्या पिढीने नमस्कार कुणाला करायचा?

दलाई लामा गेल्या जुलैत नव्वद वर्षांचे झाले. २ जुलैला त्यांनी सांगितलं की ही परंपरा पुढे चालेल आणि पुढचा शोध घेण्याचा अधिकार फक्त त्यांच्या गादेन फोद्रांग न्यासाचा आहे. बीजिंगचं त्यावरचं उत्तर: सोन्याचा कलश आणि केंद्र सरकारची मंजुरी. आजींना मी याबद्दल विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत, चहाचा कप उचलून आत घेऊन गेल्या.

इथे कुणी तिबेट, चीन किंवा तशा दुसऱ्या देशांत राहून आलं असेल, वाचलं असेल, तर जरूर लिहा.

---

पायवाट | सोमवार, रात्री १०:२५

मी २०१९ मध्ये पुण्याहून कैलास-मानसरोवरला गेले होते. काठमांडू, केरुंग, सागा असा रस्ता. काठमांडूच्या हॉटेलातच ग्रुपलीडरने सगळ्यांना बसवून सांगितलं, मोबाइलमध्ये दलाई लामांचा फोटो असेल तर आत्ताच काढा. पुस्तक असेल तर इथेच ठेवा. आमच्यातल्या एका काकांच्या फोनमध्ये धरमशालाच्या सहलीचे फोटो होते, त्यांनी ते एकेक करून पुसले. माझ्यासमोर.

मानसरोवराच्या काठावर च्यू गोम्पा आहे, छोटासा मठ, उंचवट्यावर. आम्ही वर चढलो. आत अंधार, तुपाच्या दिव्यांचा वास, एक तरुण भिक्षू. माझ्याबरोबरच्या मावशींनी त्याला खुणेनेच विचारलं, दलाई लामा? त्याने दाराकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि दिव्याची वात सारखी करायला लागला. मावशींच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या प्रश्नाने त्याला केवढ्या अडचणीत टाकलं असतं हे आम्हाला नंतर कळलं. मला आजही त्याची लाज वाटते.

आम्ही आमची परिक्रमा केली, 'ॐ नमः शिवाय' म्हटलं, डोळे भरून आले. आम्हाला कुणी अडवलं नाही. त्याच डोंगराभोवती दंडवत घालत जाणाऱ्या तिबेटी बायका होत्या, कोपराला कातडं बांधलेल्या. पर्वत त्यांचा. आणि मनातल्या गुरूचं नाव घ्यायची मोकळीक आमच्याकडे जास्त.

---

गिरणगाव | सोमवार, रात्री ११:५०

लेख मनापासून लिहिलाय, पण एकच बाजू आली आहे.

माझे वडील लाल बावट्याच्या युनियनमध्ये होते, त्यामुळे घरात हा विषय लहानपणापासून ऐकलाय. जुना तिबेट म्हणजे काही शांतीचा स्वर्ग नव्हता. जमीन सरदारांची, मठांची आणि सरकारची. कसणारा माणूस जमिनीला बांधलेला. गाव सोडायचं तर मालकाची परवानगी. पिढ्यान्‌पिढ्यांचं कर्ज. द्रेपुंगसारख्या मठात हजारो भिक्षू, त्यांना पोसणारी गावंच्या गावं. आपल्याकडच्या इनामदारी-वतनदारीवर आपण तुटून पडतो, मग त्यांच्या मठांच्या इनामांबद्दल गप्प का? शेतकऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला कुणीतरी यायलाच हवं होतं.

---

सारस | मंगळवार, १३ जानेवारी, सकाळी ७:१५

@गिरणगाव, तुमचा मुद्दा टाळणार नाही. जुन्या तिबेटातली वेठ आणि कर्ज खरंच होतं. दलाई लामांनी स्वतः पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सुधारणा समिती नेमली होती, ती उगाच नव्हे.

पण उजवीकडच्या फोटोतल्या माणसाची गोष्ट ऐका. दहावे पंचेन लामा १९५९ मध्ये दलाई लामांसारखे पळून गेले नाहीत. ते बीजिंगच्या बाजूने उभे राहिले. जमीनसुधारणांना त्यांचा पाठिंबा होता. म्हणजे 'सरंजामदारांचा कांगावा' असं म्हणून ज्याला उडवून लावता येणार नाही असा तो माणूस. त्यांनी गावोगाव फिरून पाहिलं आणि मे १९६२ मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या हाती एक अर्ज दिला. सत्तर हजार अक्षरांचा. तेव्हा त्यांचं वय होतं चोवीस.

त्यात काय आहे? सुधारणांआधी तिबेटात अडीच हजारांवर लहानमोठे मठ होते, सुधारणांनंतर सत्तरेक उरले. भिक्षू-भिक्षुणी १ लाख १० हजार होते, मठांत राहिले ७ हजार. मूर्ती वितळवल्या, नदीत टाकल्या. त्रिपिटकाच्या पोथ्या खतात घातल्या. बुद्धाची चित्रं आणि पोथ्यांचे कागद जोड्यांसाठी वापरले. लोक उपाशी मरत होते, हेही त्यांनी त्यातच लिहिलं.

तारीख बघा, १९६२. सांस्कृतिक क्रांती, म्हणजे जुनं सगळं मोडायची माओंची मोहीम, सुरू व्हायला अजून चार वर्षं होती. 'ते सगळं रेड गार्डच्या पोरांनी माथेफिरूपणात केलं' हे आपण नेहमी ऐकतो. रेड गार्ड १९६६ च्या ऑगस्टमध्ये जोखांगमध्ये घुसले हे खरंच, पण तोवर बहुतेक मठ रिकामे झालेलेच होते, आणि ते थंड डोक्याने, कार्यक्रम आखून.

माओंनी त्या अर्जाला पक्षावर सोडलेला विषारी बाण म्हटलं. १९६४ मध्ये पंचेन लामांना भर सभेत उभं करून झोडपलं, १९६८ मध्ये तुरुंगात टाकलं. सुटले १९७७ मध्ये. जानेवारी १९८९ मध्ये शिगात्सेला जाऊन त्यांनी आधीच्या पंचेन लामांच्या पुन्हा बांधलेल्या समाध्यांचा सोहळा केला, आणि जाहीर भाषणात म्हणाले की तिबेटला जे मिळालं त्याहून जास्त किंमत मोजावी लागली. काही दिवसांत, २८ जानेवारीला, तिथेच त्यांचं निधन झालं. पन्नाशीच गाठली होती.

कुळाच्या डोक्यावरचं कर्ज उतरवायला पोथीचा जोडा का करावा लागतो, हे मला सांगा. राग धरून विचारत नाहीये.

---

उत्तर_नागपूर | मंगळवार, सकाळी ९:३०

या धाग्यावर बाबासाहेबांचा उल्लेख यायलाच हवा. भावनेपोटी म्हणत नाही, ते या विषयावर नेमकं बोललेले आहेत.

एप्रिल १९५४ मध्ये भारत-चीनचा तिबेटबद्दलचा करार झाला, त्यातून पंचशील हा शब्द गाजला. ऑगस्टमध्ये राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर चर्चा होती. बाबासाहेब म्हणाले, पंचशील हा बौद्ध धम्माचा गाभा आहे, आणि माओंची पंचशीलावर खरोखर श्रद्धा असती तर त्यांनी स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती. ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन आपण चीनची सीमा भारताच्या सीमेला आणून भिडवली, असंही त्यांनी त्याच भाषणात सांगितलं. तेव्हा दिल्लीत कुणाला ते ऐकायचं नव्हतं.

दोन वर्षांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. लगेच नोव्हेंबर १९५६ मध्ये ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. प्रकृती पार खालावलेली, तरी बोलायला विषय निवडला बुद्ध आणि कार्ल मार्क्स. माणसाची पिळवणूक संपवायची हे दोघांना मान्य, पण रस्ता कुठला? मार्क्सवाद्यांचा रस्ता रक्तपाताचा आणि हुकूमशाहीचा. बुद्धाचा रस्ता माणसाचं मन पालटायचा. हुकूमशाहीने बदललेला माणूस हुकूमशाही गेल्यावर पुन्हा होता तिथेच येतो. परत आले आणि ६ डिसेंबरला गेले.

@गिरणगाव भाऊ, माझ्या आज्याने देवळाबाहेर उभं राहून आयुष्य काढलं. धर्माच्या नावाखालची गुलामी काय असते हे मला कुणी शिकवायला नको. आम्ही तो धर्म सोडला आणि दुसरा धरला, लाखो माणसांनी, एका मैदानावर, उघड्या आकाशाखाली, कुणाच्याही परवानगीशिवाय. सरकारने त्या दिवशी आम्हाला अडवलं नाही आणि नवा धम्म कोणता घ्यायचा हेही सांगितलं नाही. धर्मस्वातंत्र्य म्हणजे मला तेवढंच कळतं. तिबेटातल्या कुळाला तो दिवस कधी मिळालाच नाही. त्याचा जुना मालक गेला आणि नवा आला. या नव्याला तर त्याच्या मनातलंही हवं होतं.

---

मांडवीकाठ | मंगळवार, दुपारी १:०५

गोव्यातून लिहितोय. सारस यांनी 'किल्ली' म्हटलं ते वाचून थांबलो, कारण आमच्याकडेही हाच प्रश्न आहे.

आमचा गोंयचो सायब, सेंट फ्रान्सिस झेवियर, १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या दारात, सांचियान बेटावर वारला. मुख्य भूमी समोर दिसत होती पण आत जायला मिळालं नाही. त्याचं शव आज जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये आहे. लहानपणी आजी ही गोष्ट सांगायची आणि शेवटी म्हणायची, चीनचं दार अजून बंदच आहे.

चीनमध्ये कॅथलिकांना मनाई नाही. पण १९५७ मध्ये सरकारने 'देशभक्त कॅथलिक संघ' काढला. त्यात या, रोमशी नातं तोडा, बिशप आम्ही ठरवू. जे आले त्यांची चर्चं उघडी राहिली. जे आले नाहीत ते घरांत, शेतांत, रात्रीच्या वेळी मिस्सा करू लागले. शांघायचे बिशप इग्नेशियस कुंग यांना त्याआधीच, सप्टेंबर १९५५ मध्ये पकडलं होतं. पुढे जन्मठेप. एका शब्दावर सुटका होती: रोमला सोडतो म्हणा. तीस वर्षं त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये त्यांना कार्डिनल केलं, पण नाव मनातच ठेवून. जगाला ते १९९१ मध्ये कळलं.

२०१८ मध्ये व्हॅटिकनने बिशपांच्या नेमणुकीबद्दल बीजिंगशी करार केला, आणि तो पुढे वाढवत नेला. करारातली कलमं आजही जाहीर नाहीत. माझ्या एका फादर-मित्राशी यावरून मोठा वाद झाला. तो म्हणतो, दार किलकिलं तरी झालं. मी म्हणतो, ज्या म्हाताऱ्या पाद्र्यांनी त्या एका शब्दासाठी तुरुंगात दात पाडून घेतले, त्यांना आता काय तोंड दाखवायचं? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही. तिकडचा एखादा साधा माणूस मरताना पाद्री मागत असेल आणि या करारामुळे तो मिळत असेल, तर पणजीत बसून मी कोण बोलणारा?

---

शांघायचा_पाऊस | मंगळवार, सायंकाळी ६:४०

नोकरीनिमित्त सहा वर्षं शांघायला होतो. रोजच्या जगण्यात हे कसं दिसतं ते सांगतो.

त्यांच्या राज्यघटनेचं ३६ वं कलम धर्मस्वातंत्र्य देतं. खरंच देतं, लिहिलेलं आहे. पण संरक्षण आहे ते 'सामान्य' धार्मिक व्यवहारांना. सामान्य काय ते सरकार ठरवणार. मान्यता पाच धर्मांना: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक, प्रोटेस्टंट. प्रत्येकाची एकेक सरकारमान्य संघटना. नोंदणी झालेल्या जागेतच प्रार्थना. या यादीबाहेर उभं राहिलात की तुम्ही बेकायदा, मग तुम्ही घरात बसून चार माणसांत बायबल का वाचत असेना.

आम्ही मराठी मंडळी गणपती बसवायचो. परदेशी माणसांना आपापसात पूजाअर्चा करायला हरकत नसते, फक्त त्यात स्थानिक लोकांना ओढायचं नाही. हॉलच्या अर्जावर आम्ही 'सांस्कृतिक कार्यक्रम' लिहायचो. एका वर्षी माझ्या ऑफिसातली एक चिनी मुलगी मोदक खायला म्हणून आली आणि आरतीला हात जोडून उभी राहिली. आमच्यातल्या एका जाणत्या माणसाने तिला हळूच बाजूला नेऊन खुर्चीवर बसवलं, हातात प्रसादाची द्रोण-वाटी दिली आणि आमच्या छायाचित्रकाराला सांगितलं, तिचे फोटो काढू नकोस. मला तेव्हा तो माणूस अतिशहाणा वाटला होता. आता वाटतं, त्याने तिला सांभाळलं.

शांघायला राहून तिबेट कळतं असं मात्र कुणी समजू नये. शहरातल्या बौद्ध मंदिरात मी उदबत्त्यांचा ढग पाहिलाय, नव्या वर्षाला पाय ठेवायला जागा नसते. तिथे चालतं, कारण त्या गर्दीला स्वतःचा देश, स्वतःची भाषा, स्वतःचा गुरू असं काही वेगळं मागायचं नसतं. तिबेटी आणि उइगुर मुसलमान माणसाचा धर्म त्याच्या माणूसपणापासून सुटा काढता येत नाही, म्हणून तिथे हात इतका जड पडतो.

---

निर्झरा | मंगळवार, रात्री ८:१०

वाचतेय. एक शंका. हल्ली तिबेटच्या सहलींचे व्हिडिओ बघते, त्यात मठ सोन्याने मढवलेले, भिक्षू वादविवाद करताहेत, लोक प्रदक्षिणा घालताहेत. मग ते खोटं का?

---

सारस | मंगळवार, रात्री ९:२०

@निर्झरा, खोटं नाही. १९८० नंतर पुष्कळ मठ पुन्हा उभे राहिले, बहुतेक लोकांच्या वर्गणीतून आणि अंगमेहनतीतून. पण आत कोण राहील, किती राहतील, काय शिकतील हे मठाच्या हातात नाही. १९९६ पासून मठांत 'देशभक्ती शिक्षण' सुरू झालं. त्यात भिक्षूंना दलाई लामांविरुद्ध लेखी निषेध द्यावा लागतो. नाही दिला तर मठातून बाहेर. २०११-१२ पासून मठांत सरकारी अधिकारी कायमचे मुक्कामाला आले. प्रत्येक मठात काय काय असलंच पाहिजे याची नऊ गोष्टींची यादी निघाली: रस्ता, पाणी, वीज, वर्तमानपत्र, आणि त्यांच्याच जोडीला राष्ट्रध्वज आणि पक्षनेत्यांच्या तसबिरी.

लारुंग गारबद्दल वाचा. पूर्व तिबेटात, आज सिचुआन प्रांतात येणाऱ्या सेरथारच्या दरीत खेन्पो जिग्मे फुनत्सोक यांनी १९८० मध्ये मूठभर शिष्यांना घेऊन शिकवायला सुरुवात केली. पुढे हजारो भिक्षू-भिक्षुणी आले, चिनी शिष्यही मोठ्या संख्येने आले. डोंगरउतारावर लाल लाकडी खोपट्यांची दाटी झाली. २०१६ मध्ये हुकूम निघाला की माणसं पाच हजारांवर आणा, आणि खोपटी पाडायला सुरुवात झाली. कारण दिलं गर्दी आणि आगीचा धोका. ज्यांना काढलं त्यांना बसमध्ये बसवून आपापल्या गावी पाठवलं. बस निघताना भिक्षुणी खिडक्यांतून हात बाहेर काढून रडताहेत असा एक व्हिडिओ बाहेर आला होता. मी तो एकदाच पाहिला, पुन्हा पाहवला नाही.

---

जुनीपोथी | मंगळवार, रात्री १०:०५

एक जुनी आठवण जोडतो, कारण ती आपल्या माणसाची आहे. सांखवाळ, गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९२९ मध्ये लेनिनग्राडला गेले होते, तिथल्या बौद्ध संस्कृती संस्थेच्या बोलावण्यावरून. श्चेरबात्स्कीसारखे जाडे विद्वान तिथे होते. शहरात बौद्ध मंदिरही होतं, झारच्या काळात आगवान दोर्जियेव या सायबेरियातल्या बुर्यात जमातीच्या लामाच्या खटपटीने बांधलेलं. कोसंबींना समाजवादाची ओढ होती आणि बुद्धाचीही, दोन्ही एकत्र नांदू शकतील असं त्यांना वाटत होतं. तेव्हा तसं वाटणारे पुष्कळ होते, त्यात वावगं काही नाही.

दहा वर्षांच्या आत तिथे काय उरलं? ती संस्था मोठ्या संस्थेत विरघळवली गेली. मंदिर बंद झालं. १९३७ मध्ये तिथल्या लामांना पकडून नेलं. दोर्जियेव १९३८ च्या जानेवारीत उलान-उदेच्या तुरुंगात वारले. शेजारच्या मंगोलियात त्याच वर्षांत हजारो लामा मारले गेले आणि जवळजवळ सगळे मठ नाहीसे झाले. हे सगळं होऊन गेलेलं तिबेटी लोकांना माहीत होतं. तेराव्या दलाई लामांनी १९३२ मध्येच मंगोलियात तोवर जे सुरू झालं होतं त्याचा दाखला देऊन आपल्या लोकांना सावध केलं होतं.

---

गिरणगाव | बुधवार, १४ जानेवारी, रात्री १२:३०

रात्रभर वाचलं. पंचेन लामांच्या अर्जाबद्दल मला माहिती नव्हती. आमच्या घरातल्या पुस्तकांत ती नव्हती.

जुन्या तिबेटबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण त्या अर्जाला माओंनी दिलेलं उत्तर चूक होतं. आपल्याच बाजूचा माणूस लोक उपाशी आहेत म्हणून सांगायला येतो आणि त्याला तुम्ही शत्रू ठरवता, तर मग ती चळवळ कष्टकऱ्यांची राहिली कुठे? माझ्या वडिलांनी युनियनच्या बैठकीत नेत्याला तोंडावर सुनावलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तोच नेता आमच्याकडे जेवायला आला होता. मी कम्युनिस्ट म्हणून वाढलो ते त्या जेवणामुळे.

@उत्तर_नागपूर, तुमचं शेवटचं वाक्य मला झोंबलं. झोंबायलाच हवं होतं.

---

पायवाट | बुधवार, सकाळी ८:५०

@सारस, आजींचं बहिणीशी बोलणं होतं का हो?

---

सारस | रविवार, १८ जानेवारी, रात्री ९:१५

@पायवाट, उत्तराला उशीर झाला कारण काल पुन्हा गोठणगावला जाऊन आलो.

आजी आठ वर्षांच्या असताना १९५९ मध्ये वडिलांबरोबर सिक्कीमकडे उतरल्या. शिगात्सेपासून दिवसभराच्या चालीवरचं गाव. धाकटी बहीण तापाने फणफणली होती म्हणून मामाकडे ठेवली, पंधरा दिवसांत परत येऊ म्हणून. वडील सिक्कीममध्ये रस्त्याच्या कामावर खडी फोडत. मग १९७२ मध्ये इथे. बहिणीचा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो नातवाने वुईचॅट हे चिनी ॲप लावून दिलं तेव्हा. दोघी म्हाताऱ्या झालेल्या. काय बोलायच्या? हवापाणी, गुडघे, कुणाचं लग्न. दलाई लामांचं नाव दोघींपैकी कुणीच घ्यायचं नाही, हे न ठरवता ठरलेलं. बहीण फक्त विचारायची, "तिकडचे आजोबा बरे आहेत ना?" आणि आजी म्हणायच्या, बरे आहेत. आजींचे आजोबा कधीच वारलेले आहेत.

२०२० मध्ये आपल्याकडे वुईचॅट बंद झालं. तेव्हापासून बोलणं नाही.

जाताना नागपूरच्या इतवारीतून पावशेर जव घेऊन गेलो होतो. आजींनी पुडी सोडली, दाणे तळहातावर घेतले आणि बराच वेळ नुसत्या बघत बसल्या. मग एक दाणा उचलून पहिल्या आणि दुसऱ्या वाटीच्या मधे धरला. धानाच्या दाण्याने लावलेलं अंतर जवळजवळ तेवढंच होतं. तरी त्यांनी सातही वाट्या पुन्हा एकेक करून सारख्या केल्या. उरलेले दाणे डावीकडच्या फोटोपुढे ठेवले.

"छत्तीसचा झाला असेल," त्या म्हणाल्या. "जव खायला मिळते की नाही, कोण जाणे."